जागतिक भांडवलशाही आणि हिंसा यांचा खरोखर काही संबंध आहे का?

व्यापार दोन्ही बाजूंच्या राजीखुशीने होत असताना त्याला हिंसेशी का जोडतात, असे आपण विचारले आहे. संबंध आहे, आणि तो पाहण्यासाठी मला आमच्या खानदेशातील चोपडा तालुक्याबाहेर जावे लागत नाही.

माझे साडू जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढण्याच्या, धंद्यात आहेत. ‘भाव पटत नसेल तर माल परत न्यावा, कोणी अडवले आहे?’ हे त्यांचे वाक्य मी अनेक लग्नकार्यांत ऐकले आहे. एका हंगामात आमच्या आप्पांनी ट्रॅक्टरभर कापूस एका जिनात नेला. गावात ठरलेला भाव फाटकापर्यंत टिकला. ट्रॉली रिकामी झाल्यावर मात्र ओलावा जास्त निघाला, कवडी (किडका, नीट न उमललेला कापूस) निघाली आणि न्यूयॉर्कच्या बाजारातला कापसाचा वायदेभाव रात्रीतून उतरल्याचेही कळले. आप्पांनी या कटतीला, म्हणजे भावातल्या कपातीला, नकार दिला, तेव्हा ढिगातला कापूस पुन्हा भरण्याची हमाली आणि परतीचे भाडे कोण देणार, एवढेच त्यांना शांतपणे विचारण्यात आले. सोसायटीचे कर्ज, वेचणीची मजुरी आणि सालदाराचा (वर्षाच्या बोलीवरील गड्याचा) हिशेब हे सारे थकलेले असल्यामुळे त्यांनी पावती घेतली. कोणी हात उगारला नव्हता, आणि साडू नेमका हाच प्रसंग राजीखुशीचा दाखला म्हणून सांगतात.

त्यांना दिसत नाही ते असे की, ही राजीखुशी ज्या व्यवस्थेत मागितली जाते ती बळानेच उभी राहिली. १८१८ नंतर खानदेश ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आला आणि सातपुड्यातील भिल्लांना नमवण्यासाठी पलटणी वापरल्या गेल्या. १८५२ साली सावदा परिसरातील शेतकरी महसूल मोजणीविरुद्ध उठले, तेव्हा तो उठाव सैन्य आणून मोडण्यात आला. सारा रोखीत भरायचा म्हणून रोखीचे पीक घ्यायचे, आणि पीक येईपर्यंत सावकाराकडे जायचे, हे चक्र तेथूनच घट्ट झाले. मँचेस्टरच्या गिरण्या तोवर मुख्यतः अमेरिकेतील गुलामांनी वेचलेल्या कापसावर चालत होत्या; १८६१ च्या यादवी युद्धाने तो अडला तेव्हा आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच तो कोसळला. कर्जे मात्र कोसळली नाहीत. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली, तर इतिहासात ‘दंगल’ म्हणून नोंद झाली ती त्यांचीच. दहा वर्षे चाललेल्या वसुलीला तसे नाव कोणी दिले नाही.

सगळी हिंसा भांडवलशाहीचीच असते, असे माझे म्हणणे नाही. उझबेकिस्तानात शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे सक्तीने कापूस वेचायला लावले ते सरकारने. शिवाय चांगल्या भावाच्या वर्षांनीच आमचे धाब्याचे घर पाडून पक्के बांधले, हेही खरे आहे. आज हिंसा नेमकी कोठे संपते आणि निव्वळ नाइलाज कोठे सुरू होतो, याची रेषा मला आखता येत नाही. पण आपल्याही नात्यात असे साडू असतील, तर १८६१ पूर्वी मँचेस्टरचा कापूस कोणत्या राजीखुशीने वेचला जात होता, एवढे त्यांना विचारून पाहावे. आमचे साडूभाऊ त्या प्रश्नावर सरकीच्या भावाकडे वळतात.