नर्सिंगची फी आणि वॉर्डातल्या खाटा

बारावीच्या निकालानंतर नर्सिंग प्रवेशाबद्दल बरीच पत्रं आली. त्यातल्या सहा पत्रांना इथे उत्तरं दिली आहेत. पहिलं उत्तर मुद्दाम लांबवलं आहे, कारण तोच प्रश्न निम्म्याअधिक पत्रांत आहे.

प्रश्न : मुलीला बारावी कला शाखेत ५८ टक्के आहेत. जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) करायचं ठरलं आहे. तालुक्याच्या गावातलं नर्सिंग स्कूल वर्षाला ६० हजार सांगतं, छत्रपती संभाजीनगरचं ९५ हजार. काउन्सिलची (परिचर्या परिषदेची) मान्यता दोघांनाही आहे. मग वर्षाला ३५ हजार जास्त का मोजायचे? (एक पालक, जालना जिल्हा)

उत्तर : फरक ३५ हजारांचाच आहे का, ते आधी पाहा. तुम्ही पाठवलेल्या माहितीपत्रकांत तालुक्याच्या स्कूलची ६० हजार ही फक्त शिक्षण फी आहे. क्लिनिकल (हॉस्पिटलातल्या प्रात्यक्षिकाची) फी १२ हजार, परीक्षा फी ५ हजार आणि वसतिगृह महिना ४,५०० रुपये वेगळे. वसतिगृहाचे अकरा महिने धरले तर वर्षाचे १,२६,५०० होतात, तीन वर्षांचे ३,७९,५००. गणवेश, बूट, किट यांना ८ हजार आणि मानसिक आरोग्याच्या पोस्टिंगला, म्हणजे हॉस्पिटलातल्या प्रात्यक्षिकाला, ७,५०० धरा. ही पोस्टिंग बहुधा येरवडा, ठाणे, नागपूर किंवा रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात असते आणि काही आठवडे तिथे राहावं लागतं. एकूण ३,९५,०००. शहरातल्या स्कूलच्या ९५ हजारांत वसतिगृह सोडून हे सगळं आलं आहे. वसतिगृहाचे महिना ५,५०० धरले तर तीन वर्षांचे ४,६६,५००. म्हणजे कागदावर १ लाख ५ हजार दिसणारा फरक प्रत्यक्षात ७१,५०० आहे. जेवण दोन्हीकडे वेगळं असेल तर तेही मिळवा.

आता या ७१,५०० रुपयांत काय मिळतं? इमारत, एसी वर्ग, बस यांकडे दुर्लक्ष करा. नर्सिंग वॉर्डात शिकतात. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत पेरेंट हॉस्पिटल, म्हणजे स्कूलचं स्वतःचं, किमान १०० खाटांचं हवं, एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण हवेत आणि दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा. १०० खाटांपैकी ७५ भरलेल्या असल्या तरी एका वेळी २५ विद्यार्थ्यांनाच नीट शिकता येतं. चाळीस जागांच्या जीएनएमच्या तीन बॅच म्हणजे १२० मुलं. त्याच आवारात एएनएम (दोन वर्षांचा सहायक परिचारिका अभ्यासक्रम) आणि बीएस्सीचीही मुलं असतील तर ती मिळवा. सगळे एकदम वॉर्डात नसतात हे खरं, तरीही बाहेरच्या हॉस्पिटलांशिवाय हे गणित बसत नाही. म्हणून संलग्न हॉस्पिटलांची पत्रं मागा आणि त्यांवरची मुदत वाचा. जिल्हा रुग्णालयाचं पत्र असेल तर तिथे आणखी किती स्कूलची मुलं येतात तेही विचारा. एकेका खाटेभोवती आठ-दहा मुलं उभी राहतात. पुढची दोघं कॅथेटर घालताना पाहतात आणि मागचे पुढच्यांचे खांदे पाहतात.

एखाद्या कामाच्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास जा. रविवारी नको, तेव्हा सगळीच हॉस्पिटलं रिकामी दिसतात. पेरेंट हॉस्पिटलच्या वॉर्डांतून एक फेरी मारा. खाटा मोजू नका, माणसं मोजा. नव्या कोऱ्या गाद्या आणि सलाईनचा एकही स्टँड वापरात नाही, अशी हॉस्पिटलं आहेत. फक्त हाडांचेच रुग्ण आहेत का, बालरोग विभाग चालू आहे का, ते बघा. मेट्रन किंवा इन्चार्ज सिस्टरना रोजचा मिडनाइट सेन्सस साधारण किती असतो, म्हणजे रात्री बारा वाजता किती रुग्ण दाखल असतात, हे सहज विचारा. खरा आकडा माहीत असलेला माणूस लगेच सांगतो.

लेबर रूमचा आकडा सगळ्यांत महत्त्वाचा. महिन्याला ३० प्रसूती, त्यातल्या बारा सिझेरियन, उरल्या अठरा. त्यांवर जीएनएम आणि एएनएमच्या बॅच शिकणार असतील तर मुलीच्या वाट्याला काय येईल? जिथे प्रसूती पुरत नाहीत तिथे केस बुक, म्हणजे केलेल्या प्रसूतींची नोंदवही, वरच्या वर्गातल्या मुलींकडून उतरवून घेतलं जातं. शिक्षक सही करतात, परीक्षा पास होते, आणि पहिल्या नोकरीत पहिल्याच रात्रपाळीला उघडं पडतं.

महाग ते चांगलं, असंही समजू नका. काही कॉर्पोरेट हॉस्पिटलांत विद्यार्थ्यांना रुग्णाला हातच लावू देत नाहीत. तीन वर्षं नुसतं निरीक्षण. उलट काही ठिकाणी तिसऱ्या वर्षाच्या मुलीच रात्रपाळी सांभाळतात, कारण पगारी स्टाफ कमी ठेवला आहे. काम भरपूर, शिकवणारं कोणी नाही. दुसऱ्या वर्षातल्या दोन-तीन मुलींना गेटबाहेर, बस स्टॉपवर गाठा आणि दोनच गोष्टी विचारा : तुमच्या प्रोसिजर बुकवर सही कोण करतं? आणि ते तेव्हा वॉर्डात हजर असतात का?

तुमच्या बाबतीत आमचं मत : तालुक्याचं स्कूल मुलींना जिल्हा रुग्णालयात पाठवत असेल, बरोबर ट्यूटर जात असेल आणि तिथे फार तर आणखी एखाद्या स्कूलची मुलं असतील, तर ७१,५०० वाचवा. पोस्टिंग फक्त स्वतःच्या अर्ध्या रिकाम्या हॉस्पिटलात असेल तर शहर निवडा. शहराच्या स्कूललाही हेच प्रश्न विचारा, त्याला सूट नाही.

प्रश्न : आमच्या गावात ‘एक वर्षाचा नर्सिंग डिप्लोमा, ३५ हजार, शंभर टक्के नोकरी’ असा फलक लागला आहे. दहावीवरही घेतात. हे चालेल का? (सांगोला)

उत्तर : नर्स व्हायचं असेल तर नाही. नोंदणीकृत परिचारिका होण्याच्या वाटा तीन : एएनएम दोन वर्षं, जीएनएम तीन वर्षं, बीएस्सी नर्सिंग चार वर्षं. तिन्हींना बारावी लागते. एक वर्षाच्या डिप्लोमावर महाराष्ट्र परिचर्या परिषद नोंदणी देत नाही आणि नोंदणी नसेल तर सरकारी भरतीत अर्जच बाद होतो. रुग्ण सहायकाचे कौशल्य अभ्यासक्रम असतात. ते प्रामाणिकपणे ‘सहायक’ म्हणून शिकवत असतील तर त्यात गैर काही नाही. पण त्यासाठी ३५ हजार मोजण्याआधी जवळच्या हॉस्पिटलात त्या कामाचा पगार विचारून या. ‘शंभर टक्के नोकरी’ बहुतेक वेळा त्याच पगाराची असते.

प्रश्न : एएनएम करू की जीएनएम? घरची परिस्थिती बेताची आहे, एएनएममध्ये एक वर्ष वाचतं. (एक विद्यार्थिनी, नंदुरबार)

उत्तर : उपकेंद्रात आरोग्य सेविका म्हणून काम करायचं ठरलं असेल, तर एएनएम हाच सरळ रस्ता आहे आणि तो मुलींसाठीच आहे. लसीकरण, गरोदर मातांची तपासणी, गावभेटी हे काम आवडत असेल तर त्याला कमी लेखू नका. पण हॉस्पिटलात स्टाफ नर्स व्हायचं असेल तर वाचलेलं वर्ष पुढे महागात पडतं. एएनएम झाल्यावर जीएनएमला प्रवेश मिळतो, तो पहिल्या वर्षात. थेट दुसऱ्यात नाही. म्हणजे दोन अधिक तीन, पाच वर्षं. जीएनएमनंतर दोन वर्षांत पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर परीक्षेलाही बसता येतं. त्यासाठी नोंदणी आणि किमान ५० खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. जीएनएमला बारावी कोणत्याही शाखेची चालते, एकूण ४० टक्के आणि इंग्रजीतही ४० हवेत. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वयाची १७ वर्षं पूर्ण पाहिजेत. आधी सरकारी स्कूलचा अर्ज भरा. तिथली फी खासगीच्या तुलनेत नगण्य असते आणि वॉर्ड भरलेले असतात. जागा थोड्या असल्या तरी अर्ज न करणं परवडणारं नाही.

प्रश्न : एका एजंटने परराज्यातल्या कॉलेजात बीएस्सी नर्सिंगची सीट देऊ केली आहे. ‘फक्त परीक्षेला या, हजेरीचं आम्ही बघतो’ म्हणतो. फी महाराष्ट्रापेक्षा कमी. (लातूर)

उत्तर : ‘हजेरीचं बघतो’ या दोन शब्दांवर फोन ठेवून द्या. परिषदेच्या नियमाप्रमाणे परीक्षेला बसायला थिअरी आणि प्रात्यक्षिकाची ८० टक्के हजेरी लागते आणि पदवी हातात पडण्याआधी प्रात्यक्षिकाचे तास शंभर टक्के भरावे लागतात. खोट्या हजेरीवर मिळालेली पदवी कधीही अंगाशी येऊ शकते. मध्य प्रदेशात उच्च न्यायालयाच्या आदेशाने सीबीआयने शेकडो नर्सिंग कॉलेजांची तपासणी केली, त्यात बरीच अपात्र किंवा त्रुटी असलेली निघाली. पुढे २०२४ मध्ये त्या तपासणीतले अधिकारीच लाच घेताना पकडले गेले. त्या गोंधळात विद्यार्थ्यांच्या परीक्षा रखडल्या, वर्षं गेली. मान्यतेचा कागद एवढाच पुरावा पुरत नाही तो यासाठी.

परराज्यात नीट कॉलेज नसतंच असं नाही. बंगळूरुत शिकलेल्या कितीतरी मराठी मुली चांगल्या हॉस्पिटलांत आहेत. पण खर्चात वर्षातून निदान दोनदा घरी येण्याजाण्याचं भाडं धरा. तिथली नोंदणी महाराष्ट्रात आणायला तिथल्या परिषदेचं ना-हरकत पत्र लागतं, वेळ आणि पैसे जातात. आणि रुग्ण कन्नड बोलतो. ‘दुखतंय कुठे’ एवढं विचारता येईपर्यंत पहिलं वर्ष निम्मं संपतं.

प्रश्न : मी नागपूरची जीएनएम, चार वर्षं आयसीयूत काम केलं. आता न्यू जर्सीत आहे, एच-४ (नोकरदार जोडीदारावर अवलंबून असलेल्यांच्या) व्हिसावर. इथे बारा महिन्यांचा प्रॅक्टिकल नर्सिंगचा, म्हणजे एलपीएनचा (लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स) कोर्स करू का? खासगी स्कूल खूप महाग सांगतं. शेजारच्या मैत्रिणीलाही करायचा आहे, ती कॉमर्सची आहे. (एडिसन)

उत्तर : तुम्ही करू नका. तुम्ही भारतात आरएन, म्हणजे रजिस्टर्ड नर्स आहात. एलपीएन त्याच्या खालची पायरी. तुमच्यासाठी क्रम असा : शिक्षणाचं मूल्यांकन (सीजीएफएनएस ही त्यातली जुनी संस्था, आता तिचं नाव ट्रूमेरिट), इंग्रजीची परीक्षा लागत असल्यास ती, राज्याच्या बोर्डाकडे अर्ज, मग एनक्लेक्स-आरएन ही लायसन्सची परीक्षा. एनक्लेक्सची नोंदणी २०० डॉलर. मूल्यांकनाचा आणि बोर्डाचा खर्च धरूनही हे एखाद्या खासगी एलपीएन कोर्सच्या फीचा छोटा तुकडा असतो. अडतं ते कागदांत : नागपूरच्या स्कूलने विषयवार थिअरी आणि क्लिनिकलचे तास भरलेलं ट्रान्सक्रिप्ट आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेने नोंदणीची पडताळणी थेट मूल्यांकन संस्थेकडे पाठवावी लागते. कुणाला तरी नागपुरात प्रत्यक्ष पाठपुरावा करायला सांगा. आणि एच-४ वर शिकता येतं, पण ईएडी (कामाचा परवाना) नसेल तर काम करता येत नाही. लायसन्स हातात आणि नोकरी नाही, असं होऊ नये म्हणून आधी ते तपासा.

मैत्रिणीसाठी एलपीएन योग्य ठरू शकतो. तिने आधी काउंटीच्या व्होकेशनल-टेक्निकल स्कूलची चौकशी करावी. खासगीपेक्षा ती सहसा बरीच स्वस्त असतात, मात्र प्रतीक्षा यादी असते. स्कूल राज्याच्या बोर्ड ऑफ नर्सिंगच्या मान्य यादीत आहे का, आणि पहिल्याच प्रयत्नात एनक्लेक्स-पीएन पास होणाऱ्यांचं प्रमाण निदान तीन वर्षांचं किती, हे पाहावं. ९५ टक्के वाचून हुरळू नये. किती जणांनी प्रवेश घेतला आणि त्यातले किती परीक्षेला बसले, हे विचारावं. काही स्कूल शेवटच्या अंतर्गत परीक्षेत कच्च्या मुलांना अडवून ठेवतात आणि उरलेल्यांची टक्केवारी छापतात. पुढे आरएन करायचं असेल तर एलपीएन कोर्सचे क्रेडिट जवळचं कम्युनिटी कॉलेज धरतं का, ते त्या कॉलेजलाच विचारावं, स्कूलला नाही. पैसे देऊन झटपट डिप्लोमा कोणी देत असेल तर २०२३ चं ‘ऑपरेशन नाइटिंगेल’ आठवावं : फ्लोरिडातल्या तीन स्कूलनी ७,६०० हून अधिक बनावट डिप्लोमे विकले होते. अमेरिकेतही हे चालतं, इतकंच.

प्रश्न : फी भरताना कोणती काळजी घ्यावी? आमच्याकडून मूळ गुणपत्रिका आणि टीसी मागत आहेत. (कणकवली)

उत्तर : तीन वर्षांच्या फीचा लेखी तक्ता शिक्क्यानिशी घ्या, ‘इतर फी’ या ओळीचे तुकडे करून. बीएस्सी असेल तर शुल्क नियामक प्राधिकरणाने त्या कॉलेजसाठी ठरवलेली फी पाहा. त्यावरची रक्कम रोखीने मागितली तर ती देणगी झाली, आणि महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने ती घ्यायला बंदी आहे. जीएनएमच्या स्कूलकडे परिषदेच्या मान्यतेबरोबर महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाची संलग्नता आणि चालू वर्षाच्या मंजूर जागा किती, हे पाहा. मंजूर ४० आणि प्रवेश ६० असतील तर वरच्या वीस जणांचे परीक्षा अर्ज अडकतात, आणि आपण त्या विसांत आहोत हे आधी कुणालाच कळत नाही.

शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर स्वतःच्या मोबाइल क्रमांकावरून भरा. स्कूलचा कारकून भरून देतो म्हणाला तरी लॉगिन आपल्याच हातात ठेवा. आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत जी संपूर्ण शुल्कमाफी आहे, ती कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल आणि प्रवेश केंद्रीय फेरीतून झाला असेल तरच मिळते. व्यवस्थापन कोट्यातल्या जागेला नाही. कर्ज काढणार असाल तर बँक मान्यतेची प्रत मागतेच.

मूळ कागद पडताळणीला दाखवा, पण ठेवायला देऊ नका. टीसी जमा करावाच लागतो. बाकीचे ठेवून घेत असतील तर कोणते, किती आणि परत कधी, हे लिहिलेली पोच घ्या. ‘कोर्स सोडल्यास उरलेली पूर्ण फी भरेन’ किंवा ‘आमच्याच हॉस्पिटलात दोन वर्षं नोकरी करेन’ अशा बाँडवर प्रवेशाच्या गर्दीत सही घेतली जाते. तो घरी आणून वाचा. घरी न्यायला देत नसतील, तर त्या दिवशी पैसे भरू नका.