लग्नासाठी पुण्याहून मडगावला जातेय, नंतरचा एक दिवस मी एकटीच आहे. समुद्र आणि थोडी खरेदी हवी, धावपळ नको. काय करू?

तुम्हाला आतापर्यंत सगळ्यांनी कळंगुट, बागा, हणजूण सुचवलेलं दिसतंय. मी म्हणेन, तिकडे फिरकूच नका. मडगावहून उत्तर गोव्यात जाऊन यायचं म्हणजे दिवसाचा मोठा तुकडा रस्त्यातच जातो, आणि तुम्हाला तर धावपळ नकोय. एक किनारा, एक बाजार, बस्स. किनारा बाणावलीचा आणि बाजार मडगावचा. माझं आजोळ मडगावचं, म्हणून हे इतक्या खात्रीने सांगतेय.

सकाळी लवकर निघा. मडगावहून बाणावली आणि शेजारचं कोलवा दोन्हीकडे बस जातात, अंतर सहा-सात किलोमीटरचं. बसची वाट बघायची नसेल तर ‘पायलट’ घ्या, म्हणजे पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल टॅक्सी. एकट्या माणसाला तिच्याइतकं सोयीचं वाहन गोव्यात दुसरं नाही. भाडं मात्र बसण्याआधी ठरवा.

सूर्य उगवल्यावर लगेच वाळूवर पोचलात तर सूर्य अजून माडांच्या मागे असतो आणि माडांच्या सावल्या थेट पाण्याकडे पसरलेल्या असतात. सूर्यास्ताला गर्दी होते, सकाळचा किनारा मोकळा असतो. वेल्सांवपासून मोबोरपर्यंत सलग वीसेक किलोमीटर वाळू आहे, त्यातला बाणावली ते कोलवा हा तुकडा रमतगमत चालत पाऊण तासाचा. भरती-ओहोटीची वेळ आदल्या रात्री फोनवर बघून ठेवा. ओहोटीला ओली वाळू घट्ट असते, चालताना पाय रुतत नाहीत. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून लग्नघरातल्या कुणी चार दिवसांपूर्वी सांगितलेली वेळ धरून बसू नका.

रापण ओढताना दिसली तर थांबा. होडीने समुद्रात अर्धगोल टाकलेलं लांबलचक जाळं, दोन्ही टोकांना दोरावर ओळीने माणसं, आणि ते हळूहळू काठाकडे येत राहतं. तारले, बांगडे, कधी नुसती बारीक मासळी. मला हे बघताना वेळेचं भान राहत नाही, आणि ‘चल ना आता’ म्हणणारं बरोबर कुणी नसेल तर ते शेवटपर्यंत बघता येतं. एकट्याने फिरण्यात मला सगळ्यात मोलाचं हेच वाटतं.

आता पाण्यात उतरण्याबद्दल. एकटी आहात म्हणून हे नीट वाचा. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यातच उतरा, आणि जीवरक्षक आपल्या जागी आलेला आहे हे बघूनच. नुसता लाल झेंडा असेल तर पाण्यात जायचंच नाही. लाटांबरोबर काठाला आलेलं पाणी कुठल्यातरी अरुंद वाटेने जोरात परत आत जातं. त्या जागी लाटा कमी फुटतात, पाणी शांत आणि थोडं गडद दिसतं, आणि नवख्या माणसाला तीच जागा सुरक्षित वाटते. चुकून त्यात सापडलात तर काठाकडे झुंजत पोहू नका, दमाल. काठाला समांतर बाजूला सरका, ओढ संपली की मग काठाकडे या. पोहता येत नसेल तर गुडघाभर पाण्यापुढे जाऊ नका. दागिने लग्नघरी ठेवा, आणि पिशवी एखाद्या शॅकमध्ये (किनाऱ्यावरच्या झोपडीवजा हॉटेलात) नाश्ता मागवून तिथल्या बाईंना सांगून ठेवा.

दहानंतर ऊन चढतं, तेव्हा किनारा सोडा. तुम्ही पुण्याच्या, दुपारी बंद दुकानांचं तुम्हाला नवल नाही. मडगावच्या बाजारातलीही बरीच दुकानं एकच्या सुमारास बंद होतात आणि साडेतीन-चारला उघडतात. त्या वेळेत जेवा आणि झोपा, खरंच झोपा. जेवायला साध्या खाणावळीत जा: हुमण (माशाची आमटी), भात, तळलेला मासा, किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर), सोलकढी. एकट्या बाईला हॉटेलात बसायला अवघड वाटतं हे मला माहीत आहे, पण इथे दुपारी टेबलं वाटूनच घेतात, तुमच्याकडे कुणी वळून बघत नाही. शाकाहारी असाल तर भाजीपाव आणि गोड बन.

चारनंतर बाजार. नगरपालिकेच्या बागेजवळच्या गल्ल्यांतून आत शिरलात की एकेक वास येत जातो: आधी अबोली-जाईच्या माळा, मग मसाले, मग सुकी मासळी. तुळशीबागेत तयार झालेल्या माणसाला भाव करायला शिकवायला नको, पण इथे फार ताणू नका. टोपली घेऊन बसलेल्या बायका बऱ्याचदा आपल्याच परसातलं विकत असतात. मराठी बहुतेकांना कळतं. निघताना ‘देव बरें करूं’ म्हणा, चेहरा खुलतो.

काजू पुण्यातही मिळतात, मग इथून का घ्यायचे? सालासकट भाजलेल्या काजूंसाठी. सोललेले घेणार असाल तर डब्ल्यू १८०, डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२० हे आकडे बघा: एका पौंडात साधारण तेवढे काजू बसतात, म्हणजे आकडा जितका लहान तितका काजू मोठा आणि महाग. भाजीत वाटून घालायला १८० घेणं म्हणजे पैसे वाया, ३२० पुरे. काजूपेक्षा मी तुम्हाला माडाचा काळा गूळ, तिरफळं आणि उकडे तांदूळ घ्यायला सांगेन. तिरफळं बांगड्याच्या आमटीत घातली की फरक पहिल्या घासाला कळतो. बिबिंका घ्याच. नारळाचं दूध, अंड्याचा बलक, साखर आणि तूप यांचा एकेक थर भाजून त्यावर पुढचा ओतायचा, असं ते कष्टाचं काम, म्हणून स्वस्त मिळाली तर शंका घ्या. खाताना थोडी गरम करा. फेणी महाराष्ट्रात आणायची असेल तर नियम आणि परवाना यांची आधी रीतसर चौकशी करा, नुसतं दुकानदाराच्या सांगण्यावर जाऊ नका.

कपडे, टोप्या, शंखशिंपल्यांच्या वस्तू किनाऱ्यावर मिळतात त्या सगळीकडे सारख्याच. मी घेत नाही.

संध्याकाळी गाड्यावर रोस ऑमलेट खा, वर शाकुतीचा (खोबरं-मसाल्याच्या कोंबडीचा) रस्सा, बरोबर पाव. अंधार पडला की गावांकडे जाणाऱ्या बस विरळ होतात, म्हणून मुक्काम बाणावलीकडे असेल तर फार उशीर करू नका.

तुम्ही महिना लिहिला नाहीत. ऑक्टोबर ते मे असेल तर वरचं सगळं जसंच्या तसं लागू. जून ते सप्टेंबर असेल तर शॅक उतरवलेली असतात आणि समुद्रात उतरणं बादच. मग सकाळी पाऊस उघडेल तेवढा वेळ काठावर चाला आणि उरलेला दिवस बाजाराला द्या. रविवार मात्र टाळा, मडगावचा बाजार त्या दिवशी बराचसा बंद असतो.