वणव्याचा अभ्यास सुरू करताना

उपग्रहाने टिपलेल्या आगींच्या नकाशावरच्या लाल ठिपक्यांवर लगेच विसंबू नका. व्हीआयआयआरएस या उपग्रहावरच्या सेन्सरचा एक ठिपका म्हणजे साधारण 375 मीटरचा चौकोन. आग त्यात नेमकी कुठे होती हे तो सांगत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याकडे तर मार्च ते मेमधले बरेच ठिपके वणव्याचे नसून राब भाजल्याचे (पेरणीआधी शेतात पालापाचोळा जाळल्याचे) असू शकतात. म्हणून जागेवर जाऊन बघाच, उपवनसंरक्षकांची लेखी परवानगी आधी काढून.

खरी मेहनत पाचोळ्यातला ओलावा मोजण्यात आहे. 1 मीटर बाय 1 मीटरची चौकट टाका, आतलं गवत, साग-ऐनाची पानं, काटक्या वेगवेगळ्या भरा. दुपारी 12 ते 4 मध्येच. सकाळी दवामुळे ओलावा फुगून येतो. पिशवी हवाबंद हवी आणि वजन तिथेच करायचं. उशीर झाला की पाणी उडतं आणि आकडा खोटा येतो. मग 105 अंश सेल्सिअसवर वजन स्थिर होईपर्यंत, बहुधा 24 तास, ओव्हनमध्ये वाळवा. घटलेलं वजन भागिले कोरडं वजन, गुणिले 100, ही ओलाव्याची टक्केवारी. भागाकार ओल्या वजनाने करू नका, नवशिके हमखास तिथेच चुकतात.

जाळरेषेची, म्हणजे आग अडवायला साफ केलेल्या पट्ट्याची, रुंदीही मोजा, पण तिच्यावर पुन्हा पडलेली पानं आधी बघा. सागाच्या वाळक्या पानांची एक रांग आग पलीकडे न्यायला पुरते.