सेन्सर नोडची ट्रान्समिट पॉवर कमी केली तर बॅटरी जास्त टिकेल का? किती कमी करायची?

तुमचा सेटअप मला कळला तो असा: सीसी २४२० रेडिओ (वायरलेस चिप) असलेले वीसेक नोड, सगळे फुल पॉवरवर म्हणजे ० डीबीएमवर (डीबीएम हे सिग्नलची पॉवर मोजायचं एकक, आकडा जितका वजा तितकी पॉवर कमी), दर मिनिटाला एक पॅकेट, बॅटऱ्या लवकर बसतायत म्हणून पॉवर खाली आणायचीय. मी पण एकदा डिट्टो हेच केलं होतं, सगळ्या नोडना सरसकट -१० डीबीएम, आणि बॅटरी जिथल्या तिथेच, वर पॅकेट गळायला लागली ते वेगळंच. त्यामुळे आधी थोडा हिशोब करा, मग पॉवरला हात लावा.

डेटाशीटमध्ये करंटचं टेबल आहे ते बघा. पाठवताना ० डीबीएमला १७.४ मिलिअँपिअर, -१० ला ११.२ आणि अगदी तळाला -२५ ला ८.५. म्हणजे अँटेनातून बाहेर पडणारी पॉवर ३०० पटीहून जास्त कमी झाली तरी करंट जेमतेम निम्मा होतो, कारण फ्रिक्वेन्सी तयार करणारा सिंथेसायझर वगैरे बाकीचा संसार चालूच असतो, त्याला तुमच्या सेटिंगशी घेणंदेणं नाही. आणि नुसतं कान देऊन बसायला किती लागतात? १८.८. बोलण्यापेक्षा ऐकणं महाग, हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं टेबल छापताना उलटसुलट झालंय.

आता तुमचंच उदाहरण घ्या. १२७ बाइटची मोठ्यात मोठी फ्रेम २५० केबीपीएसला साधारण ४ मिलिसेकंदात जाते. मिनिटाला एक म्हटलं तर सरासरी करंट पडतो १.२ मायक्रोअँपिअरच्या आसपास, -१० वर आणलात तर ०.८. आणि रेडिओ १ टक्का वेळ जरी ऐकत असेल तरी तिकडे १८८ मायक्रोअँपिअर जातात! म्हणजे गळतोय नळ आणि आपण पुसतोय फरशी. आधी रेडिओ किती वेळ चालू राहतो ते मोजा, ड्यूटी सायकल (रेडिओ बहुतेक वेळ बंद, अधूनमधूनच चालू) लावलेलंच नसेल तर पॉवरचा विषय तूर्तास बाजूलाच ठेवा. हां, एक्स-मॅक किंवा कॉन्टिकीमॅकसारखं काही (रेडिओ कधी जागा, कधी झोपलेला ते ठरवणारा मॅक प्रोटोकॉल) वापरत असाल तर समोरचा जागा होईपर्यंत पाठवणारा तेच तेच पाठवत बसतो, तिथे एका पॅकेटमागे कित्येक मिलिसेकंद जातात आणि मग पॉवर कमी केल्याचा फरक थोडा दिसतो, पण तरी ऐकण्याचा खर्च सहसा वरचढच.

मग पॉवर कमी करायचीच कशाला? माझ्या मते खरा फायदा गर्दी कमी होण्यात आहे. २० नोड जवळजवळ बसवलेत आणि सगळे फुल आवाजात ओरडतायत, तर प्रत्येक पॅकेट सगळ्यांना ऐकू जातं, ज्यांचा संबंध नाही ते पण जागे होतात, टकरा होतात, परत पाठवावं लागतं. आवाज बेताचा ठेवला की दोन लांबच्या जोड्या एकाच वेळी बोलू शकतात.

किती कमी करायची याचा एकच आकडा सगळ्या नोडसाठी नसतो, प्रत्येक लिंकचा वेगळा. मी असं करतो: फुल पॉवरवर सुरुवात, समोरच्याकडून आरएसएसआय मागवायचा (म्हणजे त्याला मिळालेल्या सिग्नलची ताकद; चिपच्या रजिस्टरमधल्या आकड्यातून ४५ वजा केले की डीबीएम), एका पॅकेटवर विश्वास नाही ठेवायचा, २०-३० ची सरासरी. रिसीव्हर कागदावर -९५ पर्यंत ऐकतो पण -९० च्या खाली लिंक कधी आहे कधी नाही अशी लहरी असते, म्हणून मी -८० च्या वर राहील इतकीच पॉवर ठेवतो. एवढी मार्जिन उगाच नाही, आरएसएसआयच ±६ डीबी इकडेतिकडे असू शकतो, शिवाय मधे माणूस उभा राहिला, दार लागलं, पावसाने पानं ओली झाली की लिंक पडते. आणि कंजूषपणा अंगाशी कसा येतो बघा, -१० वर करंट ० डीबीएमच्या ६४ टक्के, म्हणजे त्या पॉवरवर १०० पैकी ६४ पेक्षा कमी पॅकेट पोचायला लागली की परत पाठवण्यातच बचत संपली, पुढे तोटा.

एकदा सेट करून विसरून जाल तर दोन दिवसांत पस्तावाल, कारण दिवसरात्र लिंक बदलत राहते. कोडमध्ये छोटासा फीडबॅक ठेवा: लागोपाठ दोन-तीन अ‍ॅक (पॅकेट मिळाल्याची पोच) आले नाहीत तर पॉवर लगेच वर, आणि बराच वेळ सगळं सुरळीत असेल तर एक पायरी खाली. वर जाताना धावत, खाली येताना रांगत. २००६ मधलं एटीपीसी नावाचं काम आहे, त्यात प्रत्येक शेजाऱ्यासाठी पॉवर आणि आरएसएसआयचं सरळ रेषेचं मॉडेल ठेवतात आणि ते चालता चालता सुधारत जातात, वीस नोडला एवढं लागणार नाही पण वाचण्यासारखं आहे.

दोन खड्डे सांगतो ज्यात मी स्वतः पडलोय. एक, हार्डवेअरचा ऑटो अ‍ॅक त्या क्षणी रजिस्टरमध्ये जी पॉवर असेल त्याच पॉवरने जातो. जवळच्या नोडसाठी पॉवर खाली आणली आणि तशीच ठेवली, की लांबच्याला दिलेला अ‍ॅक पोचतच नाही, तो बिचारा तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवतो आणि तुम्ही त्याच्या अँटेनाला दोष देत बसता (मी एक अख्खी दुपार घालवली यात). पॅकेट पाठवून झालं की पॉवर परत वर करून ठेवा. दुसरा, सीसीएचा थ्रेशोल्ड, म्हणजे हवेत कुणी बोलतंय का हे चिप ज्या पातळीवरून ठरवते ती. चिपचा डीफॉल्ट -७७ डीबीएम आहे, आणि एनर्जी बघून जागा होणारा मॅक असेल तर -८० ला येणारं पॅकेट डीकोड होण्यासारखं असूनही नोड जागाच होत नाही. त्यामुळे थ्रेशोल्ड खाली आणा नाहीतर पॉवर तेवढी कमी करू नका.

आधी दोनच नोडवर करून बघा, त्यातला एक बेसपासून सगळ्यात लांबचा घ्या, आणि मॅक कुठला वापरताय ते इथे कळवा, त्यावर बरंच अवलंबून आहे.