नवी गाडी एका बाजूला ओढत असेल तर

नवी गाडी डावीकडे ओढते म्हणून लगेच अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याचे काम, करून घेऊ नका, कारण आपल्याकडे पाण्याचा निचरा व्हावा यासाठी रस्त्याला डाव्या कडेकडे उतार दिलेला असतो आणि पुणे महामार्गावर डाव्या लेनमधून जाताना निर्दोष गाडीही थोडी तिकडे सरकते. ती उजवीकडे ओढत असेल, तर मात्र दोष गाडीत असण्याची शक्यता अधिक.

सर्वप्रथम चारही टायरांतील हवा सकाळी, गाडी हलवण्यापूर्वी तपासावी. सोलापूरच्या उन्हात दुपारी घेतलेले माप फसवे असते, आणि ज्या बाजूच्या पुढच्या टायरात हवा कमी असते, त्या बाजूला गाडी ओढते. दाराच्या चौकटीवरील तक्त्यात दिलेला दाब प्रमाण मानावा.

हवा बरोबर असूनही ओढ राहिली, तर पुढची दोन्ही चाके आपसांत बदलून पाहावीत. मात्र टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असल्यास हा प्रयोग टाळावा. ओढीची बाजू बदलली तर दोष टायरच्या बांधणीत आहे, आणि त्यावर कितीही अलाइनमेंट केले तरी उपयोग होत नाही. माझ्या गाडीबाबत दोन अलाइनमेंटनंतर हेच निघाले, याची मला अजून हळहळ वाटते.

ओढ केवळ ब्रेक दाबताच जाणवत असेल, किंवा फेरीनंतर एकाच रिमजवळ हात नेताच धग लागत असेल, तर ब्रेक तपासून घ्यावा. यांपैकी काहीच नसेल तेव्हाच अलाइनमेंट करावे आणि आधीच्या व नंतरच्या मोजमापांचा छापील कागद वॉरंटीसाठी मागून घ्यावा.