विलापगीत वाचताना शेवटून दुसरे वचन पुन्हा का म्हणतात?

आपण विचारले आहे की, जेरुसलेमच्या मंदिराच्या नाशाबद्दल पाळल्या जाणाऱ्या तिशा बाआवच्या उपासाला 'विलापगीत' हे बायबलमधले शोकगीतांचे पुस्तक वाचून झाल्यावर ज्यू लोक त्यातले शेवटून दुसरे वचन पुन्हा का म्हणतात, आणि ती हद्दपार झालेल्यांची मायदेशी परतण्यासाठीची प्रार्थना आहे का.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. पुस्तकाच्या शेवटच्या, म्हणजे पाचव्या अध्यायात 22 वचने आहेत. एकविसाव्यात 'परमेश्वरा, आम्हांला तुझ्याकडे परत आण, म्हणजे आम्ही परत येऊ. आमचे दिवस पूर्वीसारखे कर' अशी विनवणी आहे, तर बाविसाव्यात देवाने आपल्याला कायमचे टाकले की काय, ही धास्ती. वाचन त्या धास्तीवर थांबू नये म्हणून जमलेली मंडळी एकविसावे वचन मोठ्याने म्हणतात आणि वाचणाराही ते पुन्हा म्हणतो. बायबलमधल्याच यशया, मलाखी आणि उपदेशक या पुस्तकांच्या अखेरीसही हाच रिवाज आहे. कटू वचन कोणी गाळले मात्र नाही, हे मला विशेष वाटते.

दुसऱ्या प्रश्नाला सरळ होकार देता येत नाही. इ. स. पू. 586च्या सुमारास बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याने जेरुसलेम उद्ध्वस्त करून पुष्कळ लोकांना धरून नेले हे खरे, परंतु या अध्यायातले गाऱ्हाणे मागे उरलेल्यांचे वाटते: वतन आणि घरे परक्यांच्या हाती गेली आहेत, स्वतःचेच पाणी पैसे मोजून प्यावे लागते, सरपणही विकत घ्यावे लागते, तरुणांच्या माथी जाते आले आहे, लाकडांच्या ओझ्याखाली पोरे अडखळतात, वेशीत बसणारे वडीलधारे दिसेनासे झाले आहेत आणि जेरुसलेमच्या सीयोन डोंगरावर कोल्हे हिंडतात. ज्यांना गाव सोडावेच लागले नाही, त्यांनी मागितलेले परतणे म्हणजे प्रथम देवाशी तुटलेला संबंध जुळणे, आणि मग गेलेले दिवस.

आपल्या मनात असलेली प्रार्थना बहुधा 'अमिदा'तील, म्हणजे ज्यूंच्या उभ्याने म्हणायच्या मुख्य प्रार्थनामालेतील, दहावी असावी. तीत देवाने मोठे शिंग फुंकावे, निशाण उभारावे आणि पांगलेल्यांना पृथ्वीच्या चारही कोपऱ्यांतून एकत्र आणावे, असे स्पष्ट मागणे आहे. ती एरवी रोज तीन वेळा म्हणतात. शब्बाथाला (शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी) आणि मोठ्या सणांना अमिदातील अशी मागणी वगळतात.