नरकासुर करताना बरा बसतो!

"दोन तास मान वर न करता दिवाळीच्या नरकासुराच्या पुतळ्याचं तोंड रंगवतो हो. मग गणिताच्या वहीपुढे पाच मिनिटं बसायला काय होतं? सगळी नाटकं!"

डिचोलीचे बाबा तावातावाने सांगत होते. तोवर त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलाने माझा पेनस्टँड दोनदा पालथा केला होता. आई गप्प. आजीने देवाला कौल लावून झाला होता, दृष्टही काढली होती. (यावर मी काही बोलत नाही. आजीला दुखावून घरात पुढचं काहीच होत नाही.)

हा 'बरा बसतो' मला बहुतेक पालकांकडून ऐकायला मिळतो. एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवण्याची अडचण आणि अतिचंचलता, असलेल्या मुलाचं लक्षच नसतं असं नाही. ते नको असलेल्या कामाकडे वळवणं आणि तिथे धरून ठेवणं त्याला जड जातं. नरकासुर करताना गवत, कागद, रंग, भोवती वाड्यावरची पोरं, घडीघडीला काहीतरी नवं. हातच्याच्या वजाबाकीत यातलं काय आहे?

अर्थात नुसता चुळबुळ्या म्हणून एडीएचडीही ठरत नाही. लक्षणं 12 वर्षांच्या आत सुरू झालेली, किमान 6 महिने टिकलेली आणि घरी-शाळेत दोन्हीकडे दिसणारी हवीत. म्हणून वर्गाच्या बाईंकडून प्रश्नावली भरून मागवली. डोळे, कान तपासून घ्यायला सांगितलं, झोपेची चौकशी केली. बाईंनी लिहिलेलं घरच्यांच्या सांगण्याशी जुळलं.

बांबोळीला मानसोपचाराच्या इस्पितळात तज्ज्ञांना दाखवा म्हटल्यावर आई पहिल्यांदा बोलली, "वेड्यांच्या इस्पितळात?" तिची समजूत काढण्यात दोन भेटी गेल्या. निदान डॉक्टरांनीच केलं, गोळीही त्यांनीच दिली. भूक मंदावेल, झोप उशिरा लागेल, म्हणून वजन-उंची बघत राहतात, हे मी आधीच सांगून ठेवलं होतं. लपवलं तर पालक आठवड्यात गोळी बंद करतात.

घरी थोडंच बदललं. सूचना एका वेळी एकच, जवळ जाऊन. दहा मिनिटं अभ्यास, मग अंगणात एक फेरी. शाबासकी तिथल्या तिथे. रात्रीपर्यंत राखून ठेवलेली या मुलांच्या कामाची नाही.

पुढच्या खेपेला बाबा एकटेच आले. एडीएचडी बऱ्याचदा घराण्यात चालत आलेला असतो, हे मी मागे बोलले होते, ते त्यांच्या डोक्यात राहिलं होतं.

"मला मास्तर बाकावर उभा करायचे. सहावीत शाळाच सोडली." खुर्चीत जरा सरकून बसले. "बांबोळीला मोठ्यांनाही तपासतात?"

तपासतात, म्हटलं, आणि चिठ्ठी लिहायला घेतली.